बंदूक भरली कुणी, रिकामी केली कुणी?

बंदुकीचा इतिहास म्हटला की आपल्याला फक्त बार ऐकवतात. कोण कुणावर धावून गेला, किती पडले, कोण जिंकलं. बार झाल्यावर ती बंदूक कुणी धुतली, कुणी खोलली, आणि न उडालेली गोळी नळीतून परत कुणी काढून घेतली, हे बखरकार लिहीत नाही. कारण सरळ आहे. बार हे धन्याचं नाव, धुणं-पुसणं हे चाकराचं काम. झाडूला इतिहास नाही तसा बंदुकीच्या चिंधीलाही नाही.

आपण चाकराच्या बाजूनं वाचायला बसलोय. म्हणून हा लेख बंदूक रिकामी करण्याचा आहे. मुलूख भीमाशंकरचा. ह्या डोंगरातून भीमा निघते, खेडच्या मुलखातून वाहत कोरेगावला जाते. ह्याच डोंगररांगेतून आहुप्याच्या बाजूनं घोड नदी निघते, आंबेगाव ओलांडून शिरूरला जाते. १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कंपनीची पलटण घोडेकाठच्या शिरूरहून निघाली आणि सकाळी भीमेकाठच्या कोरेगावला पोचली. दोन्ही नद्यांचं पाणी एकाच डोंगराचं. त्या डोंगरावरून बघितलं तर आपला इतिहास जरा वेगळा दिसतो.

आधी हत्यार समजून घेऊ. पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

ठासणीची बंदूक म्हणजे बुडाशी बंद असलेली नळी. जे काय आत घालायचं ते तोंडातूनच. आधी दारू, तिच्यावर शिशाची गोळी, मग गजानं ठासायचं. नळीच्या बुडाला बाजूनं एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. कानाशी छोट्या वाटीत चिमूटभर दारू, ती रंजक. घोड्याच्या चिमट्यात गारगोटी बसवलेली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकीत पडते, रंजकीची आग कानातून आत जाते आणि बार होतो. पलटणीच्या शिपायाला दारू आणि गोळी कागदाच्या पुडीत बांधून मिळे. ते काडतूस. ते दातानं फोडायचं, थोडी दारू रंजकीला, बाकीची नळीत, मागोमाग गोळी कागदासकट. कंपनीच्या पायदळाची ही बंदूक वजनाला साडेचार किलोच्या आसपास, नळी सव्वातीन फूट, भोक पाऊण इंचाचं. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही.

आपल्या बोलीत ही बंदूक अजून शिल्लक आहे. आपण एखादी गोष्ट 'ठासून' सांगतो. गाडी माणसांनी 'ठासून' भरलेली असते. आणि नुसती रंजक भडकून आतली दारू पेटली नाही तर तो 'फुसका बार'. आपल्या कितीतरी सभांचं ह्या शब्दात वर्णन होईल. असो.

आता मुद्द्याचं. ही बंदूक भरणं सोपं आहे, रिकामी करणं अवघड. एकदा गोळी ठासली की बाहेर यायचे दोनच रस्ते. एक, बार काढायचा. दुसरा, गोळी उलटी ओढून काढायची. त्यासाठी आधी घोडा खाली घ्यायचा, रंजक झाडून टाकायची, कानातून पाणी सोडून आतली दारू भिजवायची. म्हणजे काढता काढता ठिणगी पडून हात उडायला नको. मग गजाच्या टोकाला मळसूत्री दात लावायचा, तो नळीत घालून शिशात फिरवत रुतवायचा आणि गोळी हळूहळू वर खेचायची. माणसानं नळीच्या तोंडापासून अंग बाजूला ठेवायचं. गोळी निघाली की ओली दारू खरवडून काढायची.

बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून बघून कळत नाही. त्याची खूण एकच, गज. लोखंडी गज नळीत सोडायचा. बुडावर आपटून टणकन वाजला तर नळी रिकामी. भद्द आवाज आला आणि गज नेहमीपेक्षा जास्त वर राहिला तर आत काहीतरी बसलंय. पलटणीत तपासणीला शिपायांना असे गज वाजवून दाखवावे लागत. ही खूण लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही खूण विसरली तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. १८६३ च्या जुलैमध्ये गेटिसबर्गच्या रणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यातल्या २४,००० भरलेल्याच होत्या. जवळजवळ निम्म्यांत दोन-दोन बार एकावर एक ठासलेले, आणि एका बंदुकीत तर २३. गोंधळात बार उडाला की नाही हे शिपायाला कळलंच नव्हतं, तो आपला भरतच राहिला. ती लढाई गुलामगिरीच्या प्रश्नावर पेटलेल्या युद्धातली. त्याच वर्षी १ जानेवारीला गुलाममुक्तीचा जाहीरनामा निघाला होता आणि काळ्या माणसांच्या पलटणी उभ्या राहत होत्या. पुढे दहा वर्षांनी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ह्याच गुलाममुक्तीच्या कामाला.

खोलायचं कामही सांगून टाकतो. आधी गारगोटी काढायची, गज काढायचा. बाजूचे दोन पेच सोडले की घोडा, कमान आणि चाप अडकवणारा कळीचा भाग एकत्र बाहेर येतो. मागचा वरचा पेच काढायचा, लाकडातून आडव्या गेलेल्या बारीक खिळ्या ठोकून सरकवायच्या, की नळी दस्त्यातून सुटते. नळी गरम पाण्यानं धुवायची, कारण जळलेल्या दारूची राख ओल धरते आणि लोखंड खाते. मग कोरडी करून तेल. नळीच्या बुडाचा पेच मात्र शिपायानं काढायचा नाही, ते पलटणीच्या मिस्त्रीचं काम.

आता हे काम कोण करत होतं ते बघा. मनूच्या कायद्यानं ज्याच्या हाताला शस्त्र वर्ज्य, ज्याची सावली पुण्याच्या रस्त्यावर विटाळ करायची, तो महार कंपनीच्या मुंबई फौजेत ही बंदूक रोज खोलत होता, धूत होता, जोडत होता. आपले पोटभरू पंडित विचारतात, अस्पृश्यांना शस्त्रविद्या कुठली? ही विद्या अशी मंत्रानं येत नसते. ती बोटांना येते, आणि बोटांना जात नसते.

१ जानेवारी १८१८. पेशवा जुन्नरच्या मुलखातून फिरून चाकणच्या वाटेनं पुण्याकडे आला होता. कॅप्टन स्टाँटनची पलटण रात्रभर चालून सकाळी कोरेगावला आली आणि नदीपलीकडे पेशव्याची फौज बघून गावात शिरली. पायदळ पाचशेच्या आसपास, बाकी स्वार आणि दोन तोफांचे गोलंदाज मिळून आठशे चौतीस. समोर फौज पंचवीस हजारांच्या वर, पण गावावर चालून आले ते अरब आणि इतर शिबंदी मिळून दोनएक हजार. पलटणीत एकटे महारच होते असं नव्हे, मराठे होते, मुसलमान होते. दोन्ही बाजूंच्या बंदुका ठासणीच्याच.

सकाळपासून रात्रीपर्यंत लढाई झाली. आता बंदुकीची रीत आठवा. प्रत्येक बाराला काडतूस दातानं फोडायचं. दारूत बारा आणे सोरा. सोरा म्हणजे खारट क्षार, तो तोंडात गेला की घसा सुकतो. रात्रभर चालून आलेला, उपाशी माणूस दिवसभर दारू चावतोय, आणि भीमेचं पाणी समोर वाहतंय, तिथवर जाता येत नाही. पाणी मिळालं ते अंधार पडता पडता. ह्या लढाईच्या हकिकतींत तहानेचा उल्लेख येतो. पण ती तहान कशाची हे बंदूक भरून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री स्टाँटन शिरूरला परतला, कारण दाणा नव्हता आणि काडतुसं संपत आली होती. २७५ माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. विजयस्तंभावर ४९ मेलेल्यांची नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' शेवटी असलेली, म्हणजे आपली.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला ह्या स्तंभापाशी आले. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या तळ्यावर. मध्ये तीन महिनेसुद्धा गेले नाहीत. भीमेकाठी तहानेनं लढलेल्यांच्या नातवंडांना तळ्याचं पाणी प्यायला मोर्चा काढावा लागला. बंदूक भरून दिली होती, माणूसपण दिलं नव्हतं.

कोरेगावनंतर चारच महिन्यांत कंपनीची फौज जुन्नरच्या डोंगरात आली. १ मे १८१८ ला मेजर एल्ड्रिजनं चावंडवर दीडशेवर गोळे टाकले, दुसऱ्या दिवशी सकाळी गड खाली झाला. पुढे ह्या गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. आजही चावंडला जाणाऱ्याला ती तुटलेली वाट दिसते. राज्य घेणारा पहिलं काम कुठलं करतो, तर दुसऱ्याचं हत्यार आणि दुसऱ्याची वाट खोलून टाकतो. कंपनीनं हे शत्रूशी केलं. आपल्याच शिपायांशी काय केलं ते पुढे.

१८५७. आपल्याला शाळेत शिकवतात की गाईच्या आणि डुकराच्या चरबीनं बंड पेटलं. ते कागदोपत्री कुठून सुरू होतं ते शिकवत नाहीत. २२ जानेवारी १८५७ चा कलकत्त्याजवळच्या डमडमचा अहवाल आहे. तिथल्या काडतुसांच्या कारखान्यातल्या हलक्या जातीच्या एका खलाशानं ब्राह्मण शिपायाकडं लोटाभर पाणी मागितलं. शिपायानं जात सांगून नाही म्हटलं. तेव्हा खलाशी बोलला, की आता लौकरच तुला चरबीचं काडतूस दातानं फोडायचंय, मग बघू तुझी जात. पुढच्या दलित लेखनात ह्या माणसाचं नाव मातादीन असं येतं. सरकारी कागदात तो नुसता खलाशी. म्हणजे स्वातंत्र्यसमर म्हणतात त्याच्या पहिल्या पानावर पाण्याचा नकार आहे, आणि काडतूस वळणारे हात आपले आहेत.

त्या वेळची नवी बंदूक एन्फिल्ड. तीही ठासणीचीच, पण नळीत आतून पिळाचे आटे. त्यामुळे गोळी फिरत जाते आणि दूरचा नेम साधतो. तिलाच रायफल म्हणतात. बंड मोडल्यावर इंग्रजानं काय केलं? हिंदी शिपायांसाठी १८५८ पासून ह्याच बंदुकीची वेगळी जात काढली. नळी आतून कातून आटे घालवले, भोक मोठं केलं, दूरच्या नेमाची उचलायची पट्टी काढून साधी बसवली. बाहेरून बंदूक तीच, लाकूड तेच, संगीन तीच. आतून गुळगुळीत. तोफखाना तर जवळजवळ सगळा गोऱ्यांच्या हाती गेला. हिंदी माणसाच्या हातात नेहमी एक पिढी मागचं हत्यार, हा त्यानंतरचा नियमच झाला.

दोस्तांनो, ही युक्ती ओळखीची वाटते की नाही? खुर्ची द्यायची, अधिकार कातून घ्यायचा. सरपंचपद द्यायचं, सही उपसरपंचाच्या घरी. बाहेरून बंदूक तीच, आत आटे नाहीत.

आता भीमाशंकरला परत येऊ. १८७३ साल. जांभोरीचा महादेव कोळी होन्या भागोजी केंगले डोंगरात उभा राहिला. सावकारानं कोळ्यांच्या जमिनी कागदावर गिळल्या होत्या, त्या सावकारांच्या घरांवर त्याच्या टोळीनं धाडी घातल्या. बंड पुण्यातून नगर-नाशिककडे पसरलं. सरकारनं होन्यावर हजार रुपयांचं इनाम लावलं, त्याच्या साथीदारांवर दोनशे ते सहाशे. आणि कर्नल स्कॉट आणि सिंक्लेअर ह्यांच्या हाताखाली १७५ पोलीस धाडले. त्यांच्या हाती मागून भरायच्या बंदुका होत्या.

हा फरक समजून घ्या. मागून भरायची बंदूक म्हणजे बुडाचं झाकण उघडायचं, पितळी काडतूस सरकवायचं, झाकायचं, चाप ओढायचा. १८६६ च्या स्नायडर बंदुकीत तर जुन्या एन्फिल्डचंच बूड कापून हे झाकण बसवलं होतं. मिनिटाला दहा बार, आडवं पडूनही भरता येते, भीमाशंकरच्या पावसातही चालते. रिकामी करायची तर झाकण उघडून काडतूस काढलं की झालं. ठासणीवाल्याला उभं राहून गज चालवावा लागतो, आणि ओल लागली की दारूचा चिखल. सरकारी बंदूक ज्याच्या हाती नाही, त्याला त्या काळात ठासणीपलीकडचं हत्यार मिळणं दुरापास्त. तरी होन्या तीन वर्षं सापडला नाही. १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं त्याला पकडला.

ह्या गोष्टीत महार कुठे होता? गावगाड्यात सरकारी माणसाला वाट दाखवणं, त्याचं ओझं वाहणं हे वतनी महाराचं काम. वतनाच्या नावाखाली वेठ. म्हणजे कोळी डोंगरात, आणि त्याला शोधायला निघालेल्याचं बोचकं महाराच्या डोक्यावर. दोघांची भाकर सावकारानं आणि वतनदारानं खाल्लेली, आणि दोघं एकमेकांच्या समोर. ही गोष्ट आपण सांगत नाही, आदिवासी भाऊही सांगत नाहीत. सांगितली पाहिजे. वतनाच्या ह्या फासावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं ते उगाच नाही.

होन्या पकडला गेला आणि दोन वर्षांत, १८७८ साली, हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक नाही, गोऱ्याला सूट. आणि मग १८९२-९३ मध्ये आपला नंबर लागला. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं शास्त्र निघालं आणि महारांची फौजेतली भरती बंद झाली. कोरेगावला दारू चावलेला बिनलढाऊ ठरला. बार झाला नाही, आवाज झाला नाही. रंजक झाडली, दारू भिजवली आणि मळसूत्र लावून गोळी ओढून काढली. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली ह्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी विलायतेच्या भारतमंत्र्याकडे अर्ज केला. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. दुसरं पेटलं तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचा स्तंभ होता.

सगळ्या तारखा ओळीनं लावून बघा. भरलं त्यांच्या गरजेनं, रिकामं केलं त्यांच्या सोयीनं. आपल्या हातात फक्त ठासणं. म्हणून इतिहासातल्या प्रत्येक बंदुकीला आपण दोन प्रश्न विचारायचे. हिच्यात दारू कुणी घातली? आणि ती काढून घ्यायचा अधिकार कुणाकडे होता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे, राज्य त्याचं.

आज काय? १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक अजून आहे. पिकाच्या राखणीसाठी खरी गरज असेल तर तिचा परवाना द्यावा असं कलम १३ सांगतं. पण राखायला पीक पाहिजे, पिकाला जमीन पाहिजे. परवान्याची बंदूक आपोआप जमीनवाल्याच्या भिंतीवर लागते. आणि गावात बाचाबाची झाली, वरात अडवली, निळा झेंडा उतरवला, की ती भिंतीवरची बंदूक न उडताही काम करते.

पण एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनाच ठाऊक नसते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली १९९५ साली नियम झाले. त्यातला नियम ३ काढून वाचा. अत्याचाराची शक्यता असलेला भाग सरकारनं हुडकायचा. गरज वाटली तर तिथल्या अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे आणि हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना स्वसंरक्षणासाठी परवाने द्यायचे. दुसऱ्याची बंदूक कायद्यानं रिकामी करून घ्यायचा हक्क आपल्याला पहिल्यांदा मिळाला तो हा. पेशव्यानं दिला नाही, कंपनीनं दिला नाही, राणीनं दिला नाही. बाबासाहेबांच्या घटनेच्या पोटातून आला.

आता हा नियम भरलेला आहे की रिकामा, हे बाहेरून बघून कळत नाही. गज सोडून बघावा लागतो. आपला गज म्हणजे माहितीच्या अधिकाराचा अर्ज. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, एकेका तालुक्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे टाका. नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द केले? किती हत्यारं जमा केली? किती परवाने आपल्या आणि आदिवासी माणसांना दिले? उत्तर घेऊन जिल्हा दक्षता समितीत जा. नियम १७ नं ती नेमलेलीच आहे. आणि जाताना डोंगरातल्या कोळी पोरांना सोबत घ्या, ह्या खेपेला कुणाचं बोचकं कुणाच्या डोक्यावर नको.

गज टणकन वाजला तर समजा, कायदा आत रिकामा आहे. मग भरायचं काम आपलं.